साहेबांचं 'सान' काढून टाकलं!

आज टोकियोच्या ऑफिसात क्लायंटचा फोन मी घेतला. साहेब जागेवर नव्हते. एरवी त्यांच्या नावापुढे 'सान' (आपलं 'जी' किंवा 'राव' म्हणा) लावल्याशिवाय आपण तोंड उघडत नाही. पण बाहेरच्या माणसाशी बोलताना नुसतं आडनाव; आणि 'आहेत' म्हणायला आदराचं 'इराश्शाइमास' नाही, तर कमीपणा घेणारं नम्र 'ओरिमास'. कारण साहेब आपल्यातले, क्लायंट बाहेरचा. साहेब शेजारी उभे असले तरी हेच! मराठी जीभ जरा अडखळतेच हो.

२००७ साली जपानच्या सांस्कृतिक परिषदेने आदरार्थी भाषेचे तीनाऐवजी पाच प्रकार मांडले. घ्या! माझं दुकानात, स्टेशनवर, शेजाऱ्यांशी वाक्याच्या शेवटी येणाऱ्या साध्या, सभ्य 'देस-मास'वर छान निभतं. उगाच जास्त आदर ओतला की समोरचाच अवघडतो.

इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, दुसऱ्या ग्लासानंतर काही ज्युनिअर पोरं 'मास' गाळायला लागतात. मी नाही गाळत. अप्रेझल जवळ आलंय.