गुडघा सरळ होईपर्यंत

मला कुणी धक्का दिला नव्हता, हे सांगितलं तर अजून लोकांना पटत नाही. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची कबड्डी, मातीचं मैदान, दिवस मावळत आलेला. चढाईवरून परतताना उजवा पाय रोवला आणि अंग डावीकडं फिरवलं. पाऊल मातीत तसंच राहिलं, वरचं धड फिरलं. आत 'टक्' झालं, काटकी मोडावी तसं. मधली रेषा दोन हातांवर होती. घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा.

आमच्यात यावर पहिला उपाय ठरलेला : हाड बसवणारा, तेल, शेक. तीन आठवड्यांत सूज उतरली, मी चालायला लागलो आणि 'बरा झालो' म्हणून सगळ्यांना सांगून मोकळा. सरळ चालताना काहीच होत नव्हतं, तीच खरी गंमत. एकदा गल्लीत म्हशीला वाट द्यायला झटकन वळलो, तर गुडघा आतल्या आत सरकला आणि मी रस्त्यातच बसलो.

बेळगावात डॉक्टरांनी गुडघा जरासा दुमडला, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी पुढं ओढली. चांगल्या पायाला ओढ लगेच अडली. दुखऱ्या पायाची नडगी टेबलाच्या ड्रॉवरसारखी पुढं आली. एमआरआय नंतर झाला, पण मला तिथंच कळलं होतं.

मी गुडघा म्हणजे दाराची बिजागरी समजत होतो. पण मांडीच्या हाडाचं टोक गोल आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट. दुमडताना वरचं हाड खालच्यावर गडगडतंही आणि घसरतंही, शिवाय थोडं फिरतं. ते जाग्यावर राहतं आतल्या दोन आडव्यातिडव्या आणि बाजूच्या दोन लिगामेंटमुळं, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांमुळं. नडगीला पुढं सरकू न देणारं, जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचं लिगामेंट माझं तुटलं होतं. ते पूर्ण तुटलं की सहसा आपोआप जुळत नाही. तेलानं काय होणार! दोन हाडांमधली गादी तेवढी वाचली होती.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मांडीच्या मागची एक शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढली, तिच्या चार घड्या घातल्या आणि हाडांत भोकं पाडून बसवली. खरं काम त्यानंतर.

पाय दुमडता यावा म्हणून मी धडपडत होतो, आणि फिजिओथेरपिस्ट बाई मागं लागलेल्या सरळ करण्याच्या. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा अधांतरी, वरून त्यांचा हात. "इन्नू स्वल्प," म्हणायच्या कन्नडमधून, अजून थोडं. मी "साकु, साकु", पुरे, पुरे. गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या टप्प्यात नडगी किंचित बाहेरच्या बाजूला फिरते आणि सांधा कुलूप लावल्यासारखा बसतो. म्हणून तर माणूस तासन्‌तास उभा राहू शकतो. ते कुलूप लागलं नाही, तर मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत जोर लावावा लागतो आणि चालताना लंगड येते. माझा तर तो स्नायूच वाळला होता. वाटीच्या वर टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या, फरक तीन सेंटिमीटरचा.

तिसऱ्या महिन्यात इतकं बरं वाटायला लागलं, की पोरं म्हणाली, "ये की गड्या, नुसता उभा राहा." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण बसवलेल्या शिरेत नवा रक्तपुरवठा रुजायचा असतो आणि सुरुवातीच्या त्या महिन्यांतच ती सगळ्यात कच्ची असते. दुखत नाही म्हणजे जुळलं असं नव्हे, हे म्हशीनं शिकवलं होतंच. पंगतीतही त्या काळात मी खुर्चीवर. आजी वाढताना म्हणायची, "साहेब आलेत बघा."

नऊ महिने झाल्यावर एका पायावर उडी मारायची परीक्षा झाली. निदान नव्वद टक्के पाहिजे होते. डाव्या पायाच्या तुलनेत उजवा चौऱ्याऐंशी टक्क्यांवर अडकला. बाईंनी टेप गुंडाळली, माझ्याकडं बघितलं आणि हसल्या. काय म्हणणार ते मला माहीत होतं.

पुढच्या महिन्यात परत मोजायचंय.