टाकी भरली की बंद पडणारं इंजिन

बोटीच्या इंजिनाची सगळ्यात वाईट तक्रार कुठली विचाराल, तर 'कधीकधी बंद पडतं'. कायमचं मेलेलं इंजिन परवडलं, ते निदान धक्क्यावर आणि पाण्यात सारखंच वागतं. हे मात्र मिस्त्रीसमोर गुणी बाळ असतं आणि मधल्या पाण्यात जाऊन दगा देतं.

असंच एक माझ्याकडे आलं. तीन सिलिंडरचं, तीस हॉर्सपॉवरच्या आसपासचं डिझेल. बाहेर पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आचके द्यायचं आणि बंद पडायचं. थोडं थांबून, हवा काढून सेल्फ मारला की पुन्हा चालू. शिवाय हल्ली सकाळी चालू होतानाही नखरे. माझ्यापर्यंत पोचेतो नोझल तपासून झाले होते, फीड पंप नवा, बॅटरी नवी, दोन्ही फिल्टर नवे. अंदाजाने पार्ट बदलत राहायचं आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं, ही आमच्या धंद्याला लागलेली कीड आहे.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मरताना कसं मरतं? कोणी स्विच काढल्यासारखं एकदम मेलं तर मी वायरिंग आणि स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणारा विजेचा खटका, बघतो. काळा धूर टाकत, ओझ्याखाली दबून मेलं तर बोट ढकलणाऱ्या पंख्यात दोरी अडकली का, हवेची वाट कोंडली का, हे बघतो. पण आवाज वर-खाली, वर-खाली होत डोलत मेलं, तर त्याला डिझेल पोचत नाहीये. मालकाने तोंडाने आवाज काढून दाखवला. डोलणाराच होता.

मग तो म्हणाला, "टाकी फुल असली की जास्त त्रास देतं हो. अर्धी असली की काही नाही." आधीचा मिस्त्री तिथेच उभा होता, तो हसला. भरल्या टाकीवर इंजिन उपाशी कसं मरेल, हा त्याचा मुद्दा. मालकांना इंजिनातलं कळत नाही असं आपण धरून चालतो. पण त्या इंजिनाशेजारी जितके तास मालक काढतो, तितके आपल्यापैकी कोणी काढत नाही.

त्या मिस्त्रीची आणखी एक गोष्ट डोक्यात गेली. इंजिन पकडत नाही म्हणून तो सेल्फची किल्ली दाबून धरून बसायचा. सेल्फ तापतो, बॅटरी बसते, हे झालंच. पण ज्या बोटीत थंड करायचं खारं पाणी धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातं, तिथे खरा धोका वेगळा आहे. सेल्फवर इंजिन फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो. पाणी आत येत राहतं, पण ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उलटं चढतं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती, आणि फार वेळ लागणार असेल तर पाण्याचा कॉक आधी बंद. इंजिनाने पकडलं की तो लगेच उघडायचा, नाहीतर पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरून जळतो. हे कोणी शिकवत नाही, आणि आयतं बरं इंजिन खोलायची वेळ येते.

पहिली चाचणी साधी. बोटीच्या टाकीचा पाइप काढून वेगळ्या कॅनमधून थेट फीड पंपाला डिझेल दिलं आणि पाण्यात नेऊन भरपूर पळवलं. इंजिन हूं की चूं न करता चाललं. म्हणजे पंप, नोझल, इंजिन सगळं चोख. दोष टाकी ते पंप या पट्ट्यात. या पट्ट्याची खोड अशी की इथे पंप डिझेल ओढत असतो. त्यामुळे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. फडक्याने पुसून गळती शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही, सगळं कोरडं ठणठणीत दिसतं.

मी पुन्हा टाकी जोडली, पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप आणि पाऱ्याच्या इंचांत ओढ मोजणारं एक व्हॅक्यूम गेज घातलं. टाकी काठोकाठ भरायला लावली आणि निघालो. काटा हळूहळू चढायला लागला. फिल्टर तुंबला असेल तर काटा इंजिनाच्या वेगाबरोबर वर-खाली होतो. हा नुसता चढतच होता. पाच इंचांच्या पुढे गेला तशी नळीत बारीक बुडबुड्यांची माळ दिसायला लागली, मग ते एकमेकांत मिसळून लांब लांब पोकळ्या झाल्या. इंजिन डोललं आणि गेलं.

मालक सवयीने डिझेल बघायला टाकीच्या झाकणाकडे गेला. त्याला हात धरून थांबवलं. इंजिन बंद होतं, डिझेल वाहत नव्हतं, तरी काटा शून्यावर आला नव्हता. अगदी सावकाश उतरत होता. फिल्टरचा अडथळा असता तर प्रवाह थांबताच काटा पडला असता. म्हणजे ओढ टाकीतच होती. मग झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली आणि काटा शून्यावर आला.

जळलेल्या डिझेलच्या जागी टाकीत हवा घेणारा पाइप बाहेरच्या अंगाला निघतो. त्याच्या तोंडाची जाळी कधीच गेलेली, आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून पक्कं लिंपलेलं. तार घालून ते पोखरताना मालकाने सांगितलं की बंद पडायला सुरुवात झाली ती बोट बरेच दिवस उभी राहिल्यानंतर. हे त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

आता त्याच्या टाकीचं गणित. लोखंडी टाकी, दीडशे लिटरची. वर दहा लिटर हवा उरली असेल आणि इंजिनाने दोन लिटर जाळले, तर दहा लिटरची हवा बारा लिटरात ताणली जाते. दाब सहाव्या हिश्शाने उतरतो, म्हणजे हवेच्या साधारण तीस इंच दाबातले पाच इंच. हे इंजिन जोरात तासाला चार-पाच लिटर खातं, म्हणजे झाला अर्धा तास. अर्ध्या टाकीत हवा पंचाहत्तर लिटर असते. तेवढीच ओढ व्हायला पंधरा लिटर जाळावे लागतात, तीन तासांहून जास्त. मालक इतका लांब जातच नाही. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

बुडबुडे मात्र दुसरीकडून येत होते. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या झाकणाखालची रबरी रिंग जुनीच ठेवलेली, एका जागी चेपून चपटी झालेली. नव्या फिल्टरबरोबर नवी रिंग येते, ती कुठे गेली देव जाणे. हा फिल्टर टाकीपेक्षा वर बसवलेला, त्यामुळे रात्रभर फटीतून हवा शिरून डिझेल टाकीत उतरायचं. सकाळचे नखरे यामुळे, आणि तेही फिल्टर बदलल्यावरच सुरू झालेले.

खात्रीसाठी मी दोन्ही वेगवेगळं करून पाहिलं. नवी रिंग घालून हवेचा पाइप मुद्दाम कोंडला: बुडबुडे नाहीत, इंजिन जास्त वेळ टिकलं, पण शेवटी मेलंच. पाइप मोकळा ठेवून जुनी रिंग घातली: दिवसभर चाललं, सकाळी रडलं. मग खरा दोष कुठला? वरून त्या रिंगच्या फटीतूनच टाकीत हवा झिरपून ओढ कमी व्हायची, म्हणून तर थांबल्यावर इंजिन पुन्हा चालू व्हायचं. दुरुस्तीच्या कागदावर कारणाला एक ओळ असते. मी दोन्ही लिहिली, तरी मनाचं समाधान झालं नाही.

आधीचा मिस्त्री अजून म्हणतो की त्याने धक्क्यावर तासभर इंजिन चालवून पाहिलं होतं, आणि दर वेळी आधी झाकण उघडून टाकी तपासली होती. धक्क्यावर बिनओझ्याचं इंजिन तासाला लिटरभरही खात नाही. आणि झाकण त्याने उघडलं होतं, यात मला शंका नाही.