औषधाची चिठ्ठी कॉम्प्युटरवर आणताना

गोव्यात डिचोलीला माझा दवाखाना आहे. तीस वर्षं हातानेच चिठ्ठ्या लिहिल्या. माझं अक्षर समोरच्या फार्मसीवाल्याला लागायचं आणि तेवढं पुरेसं आहे असं मी धरून चाललो होतो. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियमात बदल केला: औषधाचं जेनेरिक नाव, सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत. काही आठवडे मी तो पाळला, मग गर्दी वाढली की हात जुन्या वळणावर जाऊ लागला.

डोळे उघडले ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. मार्चमध्ये टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोनवरून पेशंट तपासण्याच्या, सूचना आल्या आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पेशंटला मोबाइलवर पाठवायची सोय झाली. सत्तरी तालुक्यातल्या गावांत माझ्या चिठ्ठ्यांचे फोटो पोचू लागले, आणि वाळपईहून फार्मसीवाल्यांचे फोन येऊ लागले. ‘दोतोर, हे दुसरं औषध कुठलं?’ ज्याला माझं अक्षर सवयीचं नाही, त्याच्या हाती मी आजवर काय देत होतो, हा विचार त्या रात्री मनातून जाईना. महिनाभरात सॉफ्टवेअर घेतलं.

नेहमीच्या औषधांची यादी भरण्यात दोन रविवार गेले. पहिले काही दिवस एका चिठ्ठीला पाच-पाच मिनिटं लागत, बाहेर बाकावर माणसं ताटकळत. त्यापेक्षा जास्त टोचलं ते मये गावातल्या एका आजींचं बोलणं. त्या खोकल्याबद्दल सांगत होत्या, मी टाइप करत होतो. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही आता माझ्या तोंडाकडे बघतच नाही.’ त्याच दुपारी टेबल फिरवून घेतलं. आता स्क्रीन बाजूला असतो, पेशंटलाही दिसतो, आणि मी आधी सगळं ऐकून घेतो, मग कीबोर्डला हात लावतो. पावसाळ्यात वीज जाते म्हणून यूपीएस घेतला. छापील पॅड मात्र खणात ठेवलंय, ते लागतंच.

फायदा झाला, आणि मोठा झाला. रक्तदाबाचे एक गृहस्थ उठताना चक्कर येते म्हणून आले. सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, असं मी सांगितलं होतं. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन वेगळ्या ब्रँडच्या गोळ्या, एकीत टेल्मिसार्टनसोबत अॅम्लोडिपिन, दुसरीत टेल्मिसार्टनसोबत पाणी काढणारं औषध. दोन्ही नावं टाकताच तांबडी पट्टी आली: टेल्मिसार्टन दोनदा. आपल्याकडे जोडगोळ्यांचे ब्रँड इतके आहेत की हे नुसत्या डोळ्यांनी सुटून जाणं अगदी शक्य होतं.

पण अशा पट्ट्या दिवसभर येत राहतात. बहुतेक किरकोळ कारणांसाठी असतात आणि बोट आपोआप ‘ठीक आहे’वर जातं. ही सवय मला धोक्याची वाटते. ज्या चुकीने मी हादरलो, तिच्यासाठी तर पट्टी आलीच नव्हती.

संधिवाताची एक बाई. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तिचं मेथोट्रेक्सेट सुरू झालेलं, मी पुढची चिठ्ठी देत होतो. हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेतू शकतं. मला हे पक्कं ठाऊक आहे. मी नावाची पहिली अक्षरं टाइप केली, यादीत मेटफॉर्मिन, मेट्रोनिडाझोल, मेटोप्रोलोल यांच्यातून बरोबर ओळ निवडली, आणि पुढच्या रकान्यात सॉफ्टवेअरने आपणहून भरलेलं ‘रोज एकदा’ तसंच राहिलं. मी प्रिंट काढला, सही केली.

समोरच्या फार्मसीतला मुलगा चिठ्ठी हातात घेऊन रस्ता ओलांडून आला. ‘दोतोर, ही गोळी त्या बाई बुधवारी घेतात ना?’ माझे हातपाय गार पडले. घाईत हाताने लिहितानाही मी ‘आठवड्यातून’ हा शब्द कधी गाळला नव्हता, कारण तो मला स्वतःला लिहावा लागायचा. इथे तो रकाना आधीच भरलेला होता.

कंपनीला कळवलं, पाठपुरावा केला, तीन महिन्यांनी त्या औषधापुरतं ते आपोआप भरणं बंद झालं. तोवर मी थांबलो नाही. सगळ्याच औषधांचा वेळेचा रकाना रिकामा ठेवायचं सेटिंग शोधून काढलं. चिठ्ठीला वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे. सूचना मराठीत छापतो: ‘सकाळी उपाशीपोटी’, ‘रात्री जेवल्यावर’. सही करण्याआधी प्रत्येक ओळ पेशंटला मोठ्याने वाचून दाखवतो आणि ती त्यांच्याकडून परत म्हणवून घेतो.

त्या बाईंना मी झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘वाचा परत.’ मी वाचलं: ‘फक्त बुधवारी. इतर दिवशी नाही.’ पुढच्या खेपेला त्यांची मुलगी सोबत होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा फोटो तिने मोबाइलवर दाखवला. महिन्यातल्या सगळ्या बुधवारांभोवती तांबड्या पेनाने गोल केलेले होते.