सरावातली चूक

संध्याकाळी तलावपाळीवर भाची गप्पगप्प होती. सराव परीक्षेत गणित बिघडलं होतं. तिला ह्यूस्टनच्या मिशन कंट्रोलमधल्या स्टीव्ह बेल्सबद्दल सांगितलं. अपोलो ११ च्या आधी सरावात संगणकाचा अलार्म वाजला आणि त्याने उतरणंच रद्द करायला लावलं. गरज नव्हती! मग फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झने फर्मावलं, प्रत्येक अलार्मचा अर्थ शोधून काढा. संगणकाचा जाणकार इंजिनिअर जॅक गार्मनने हाताने यादी लिहिली. २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरताना खरोखरच १२०२ क्रमांकाचा अलार्म वाजला. गार्मनला उत्तर ठाऊक होतं, बेल्स म्हणाला, 'गो', म्हणजे उतरणं चालू ठेवा! एक २४ वर्षांचा, दुसरा २६ चा. सांगताना मला दरवेळी भरून येतं.

"मामा, ती यादी कुठे ठेवायचा तो?"

टेबलावरच, प्लेक्सिग्लासखाली.