सोमवारच्या आत छप्पर

आत्ताच घरी पोचलोय. अंगभर लाल धूळ, तळहात सोलपटलेत, पण झोप येत नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची मराठी शाळा उद्या उघडतेय आणि परवापर्यंत तिचं अर्धं छप्पर उघडं होतं. वळवाच्या वाऱ्यानं कौलं उडालेली, रिपांना वाळवी. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी आमच्याच तालुक्यात. इथला पाऊस काय चीज आहे ते आम्हाला कुणी सांगायला नको. त्यात मिरग तोंडावर.

शनिवारी उजाडताच तीस-चाळीस जण हजर. बेळगावात उद्यमबागेत कामाला असलेली पोरं रजा काढून आली. सुतारमामांनी किडक्या रिपा काढल्या, पण धड कौल एकही टाकू दिलं नाही. खानापूरच्या मातीचंच ते! बायकांनी काथ्यानं घासून एकेकाचं शेवाळ काढलं. मग शिडीपर्यंत रांग, हातातून हातात. ओळ खालून वर लावायची. एकाच्या खाचेत दुसऱ्याची कड बसली की बारीक टक् असा आवाज येतो. दोन दिवस तोच आवाज कानात आहे.

आज चारला आभाळ भरून आलं. एकही जण खाली उतरला नाही. साडेपाचला आढ्याचं शेवटचं कौल बसलं आणि सहाला सर कोसळली. मी जिथं पाटी धरायला शिकलो त्याच पहिलीच्या वर्गात आम्ही सगळे माना वर करून उभे. कोपऱ्यात एक थेंब पडला.

"थांब गा, बघतो मी," म्हणत मामांनी भर पावसात शिडी लावली.