हे सगळं तिकडूनच आलं ना?

मी कलेचा इतिहास शिकवते. स्त्रीवादी कलेवर बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, हे सगळं तिकडूनच आलं ना? अमेरिकेत बायकांनी चळवळ केली, मग तशी चित्रं झाली, मग आपल्याकडच्या लोकांनी ते उचललं." कधी त्यात तक्रार असते, कधी नुसतं कुतूहल. सभागृह रिकामं करायची घाई असते आणि उत्तर अर्धंच राहतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

जे खरं आहे ते आधी मान्य करते. १९७०च्या आसपास अमेरिकेत जे घडलं ते फार मोठं होतं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये चित्रकार फेथ रिंगगोल्ड, समीक्षक लूसी लिपार्ड आणि त्यांच्या सोबतिणींनी वार्षिक प्रदर्शनातल्या निम्म्या जागा बायकांना मिळाव्यात म्हणून आंदोलन केलं. म्युझियमभर अंडी ठेवून त्यांनी निषेध नोंदवला. १९७१ मध्ये कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी एका लेखात विचारलं, की थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत? त्याचं उत्तर त्यांनी बायकांच्या अंगच्या गुणांत शोधलं नाही, शाळांच्या नियमांत शोधलं. युरोपातल्या अकादम्यांत जवळजवळ एकोणिसावं शतक संपेपर्यंत मुलींना नग्न मॉडेलसमोर बसून रेखाटन करू देत नसत. त्या अभ्यासावाचून पुराणा-इतिहासातल्या प्रसंगांची मोठी चित्रं काढता येत नव्हती, आणि मान तर त्याच चित्रांना होता. १९७१च्या शेवटी कलावंत जूडी शिकागो, मिरियम शापिरो आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी हॉलिवूडमधलं एक मोडकळीला आलेलं घर घेतलं, स्वतः दुरुस्त केलं आणि १९७२ मध्ये त्याच्या खोल्याच प्रदर्शन म्हणून खुल्या केल्या. तेच 'वुमनहाउस'. चादरींच्या कपाटात फळ्यांमध्ये अडकलेली बाई, न्हाणीघरात पाळीच्या कापसाचा ढीग. घराचा हा भाग कलेच्या दालनात इतक्या उघडपणे त्याआधी आला नव्हता.

तेव्हा, हो, तिकडून आलं. पण इथे कसं आलं, हे बघितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

नलिनी मालानी यांचा जन्म १९४६चा, कराचीचा. फाळणीत कुटुंब भारतात आलं, आणि त्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. १९७९ मध्ये त्या न्यूयॉर्कला ए. आय. आर. गॅलरीत गेल्या. बायकांनी १९७२ मध्ये एकत्र येऊन काढलेली ही सहकारी गॅलरी. कुणाचं प्रदर्शन लावायचं हे ठरवणाऱ्या त्याच, भाडं भरणाऱ्या त्याच. नॅन्सी स्पेरो, मे स्टीव्हन्स, आना मेंडिएटा या कलावंत त्यांना तिथे भेटल्या. परत आल्यावर भारतातल्या स्त्री चित्रकारांचं एक मोठं प्रदर्शन करावं असं मालानींच्या मनात होतं. ते जमलं नाही. पाठबळ मिळेना. शेवटी १९८७ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, चौघींनी मिळून प्रदर्शन काढलं: मालानी, नीलिमा शेख, अर्पिता सिंह आणि माधवी पारेख. 'थ्रू द लुकिंग ग्लास' या नावाने ते १९८९पर्यंत देशातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरलं. वर्गात मी या आठ वर्षांवर थांबते. आयती आलेली फॅशन रुजायला आठ वर्षं लागत नाहीत.

आणि या चौघी त्या काळात काढत काय होत्या? नीलिमा शेख यांनी १९८४ मध्ये 'व्हेन चंपा ग्रू अप' ही बारा छोट्या चित्रांची मालिका केली. झोक्यावरची, सायकलवरची चंपा, मग लग्न, मग सासर, मग स्वयंपाकघरातली आग. हुंडाबळी. चित्रं हातात घेऊन एकेक बघावीत अशी, लघुचित्रांच्या वळणाची. ही मुलगी त्यांच्या ओळखीतली होती. अर्पिता सिंह विणकर सेवा केंद्रात काम करून आलेल्या, त्यामुळे त्यांच्या चित्रांचा पृष्ठभाग बंगालच्या कांथा भरतकामाच्या टाक्यांसारखा भरत जातो आणि त्यातच विमानं, बंदुका, मध्यमवयीन बायका दिसू लागतात. माधवी पारेख कुठल्याही कलाशाळेत गेलेल्या नव्हत्या, गुजरातमधलं गाव त्यांच्या हातात होतं. न्यूयॉर्कहून जे आलं ते एकत्र येऊन स्वतःच प्रदर्शन उभं करायचं बळ. चित्रं इथलीच होती.

दुसरी बाजू तर फारच कमी लोकांना माहीत असते. त्याच ए. आय. आर. गॅलरीत १९८० मध्ये एक प्रदर्शन झालं, 'डायलेक्टिक्स ऑफ आयसोलेशन'. ते रचलं आना मेंडिएटा, काझुको मियामोतो आणि झरीना यांनी. मेंडिएटा क्यूबाच्या, मियामोतो जपानच्या, आणि झरीना आपल्या अलीगढच्या. घराचे नकाशे कोरून कागदावर छापणाऱ्या, आयुष्यभर घर शोधणाऱ्या कलावंत. अमेरिकेतली स्त्रीवादी चळवळ प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांची आहे, हे मेंडिएटांनी त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं. हॉवर्डिना पिंडेल यांची 'फ्री, व्हाइट अँड ट्वेंटी-वन' ही चित्रफीत तिथे होती. काळी बाई म्हणून सोसलेले अपमान त्या कॅमेऱ्यासमोर एकेक करून सांगतात. म्हणजे चळवळ ऐन भरात असताना तिच्याच घरात उभं राहून तिला जाब विचारणाऱ्यांत एक भारतीय बाई होती. आजची मोठी प्रदर्शनं 'यात कोण आहे, कोण नाही' हे तपासतात, त्यामागे असे जाब आहेत. ते तिकडून आलं म्हणायचं की इकडून?

मघाशी ज्यांचं नाव आलं त्या फेथ रिंगगोल्ड १९७२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये गेल्या आणि तिथे त्यांनी तिबेटी-नेपाळी थांका पाहिले. कापडाच्या चौकटीतलं चित्र, गुंडाळून काखेत मारता येणारं. जड कॅनव्हास हलवायला दरवेळी कुणाची तरी मदत लागायची, ती आता लागणार नव्हती. तिथून त्या कापडाकडे वळल्या, शिवणकामात वाकबगार असलेल्या आईला सोबत घेतलं, आणि १९८३पासून गोष्टी सांगणाऱ्या त्यांच्या गोधड्या जगभर गेल्या. हिमालयातून निघालेला एक विचार न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या गोधडीत पोचला.

शिकागोंच्या 'द डिनर पार्टी'बद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ती पहिल्यांदा मांडली गेली. त्रिकोणी मेज, इतिहास-पुराणातल्या ३९ स्त्रियांची ताटं, प्रत्येकीखाली भरतकाम केलेलं कापड, आणि जमिनीवरच्या फरश्यांवर आणखी ९९९ जणींची नावं. त्या ३९ जणींत आपली काली आहे. एवढ्या मोठ्या मेजावर काळ्या स्त्रियांपैकी एकच, सोजर्नर ट्रूथ, आणि इतर बहुतेक ताटांवर योनीचं फुलासारखं रूप असताना हिच्या ताटावर मात्र चेहरे. काळ्या लेखिकांनी यावर बोट ठेवलं, ते योग्यच होतं. काली तिथे असूनही हिंदुस्थानातली एकही हाडामांसाची बाई त्या मेजावर बसलेली नाही, हे मलाही टोचतं. तरी एका गोष्टीसाठी मी या कामाला मानते. ते घडवायला चारशेहून अधिक लोकांनी हात लावला, आणि शिकागोंनी त्यातल्या मुख्य सहकाऱ्यांचे फोटो आणि नावं मोठ्या फलकांवर प्रदर्शनातच लावली.

म्हणून २०२०ची गोष्ट महत्त्वाची. त्या जानेवारीत पॅरिसमध्ये रोदँ म्युझियमच्या बागेत डिओरच्या फॅशन शोसाठी शिकागोंनी देवीच्या देहाच्या आकाराचा मंडप उभारला. आत भरजरी पताका होत्या, प्रत्येकीवर एक प्रश्न. मुख्य प्रश्न हा, की जगाचा कारभार बायकांच्या हाती असता तर? हे भरतकाम झालं मुंबईत, चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमध्ये, तिथे शिकणाऱ्या बायकांच्या हातून. जरीकामाच्या अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवायच्या चौकटीवर, मुंबईत पिढ्यानपिढ्या पुरुष कारागीर बसत आले, तिथे बायका बसल्या. मला याचा मनापासून आनंद झाला. बातम्यांत शिकागोंचं नाव आलं, डिओरचं आलं, शाळेचंही आलं. 'डिनर पार्टी'ने जो पायंडा पाडला त्याच हिशोबाने मला प्रत्येक पताकेजवळ ती भरणाऱ्या बाईचं नाव हवं आहे.

आणि काही कामांना तर तिकडच्या कुठल्याच गुरूची गरज नव्हती. रुम्माना हुसेन मुंबईत चित्रं काढत होत्या. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतरच्या दंगलीत त्यांना घर सोडावं लागलं. त्यानंतर कॅनव्हास त्यांना पुरेना. फुटलेली मातीची भांडी, आरसे, गेरू हे त्यांच्या कामात आलं, आणि १९९५ मध्ये एन.सी.पी.ए. या कलाकेंद्राच्या आवारात त्या पायात घुंगरू बांधून, हातात चिरलेली पपई घेऊन, आवाज न काढता तोंड वासून चालल्या. फुटलेला घुमट, फुटलेलं भांडं, बाईचं शरीर, सगळं त्या एका फळात होतं. १९९९ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. पुढे जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखच्या म्युझियमने जगभरातल्या स्त्री कलावंतांचं एक प्रदर्शन केलं. त्याला नाव दिलं 'इन ऑर्डर टू जॉइन', जे रुम्मानांच्याच एका कामाचं नाव. २०१५ मध्ये ते मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आलं.

नवज्योत अल्ताफही मुंबईच्याच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या बस्तरमध्ये कोंडागावला गेल्या आणि तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करू लागल्या. त्यांनी मिळून हातपंपांच्या जागा नव्याने बांधल्या: भरलेला हंडा जमिनीवरून उचलून डोक्यावर घेताना बाईची कंबर मोडू नये म्हणून मधल्या उंचीवर टेकवायला कट्टा, सांडपाण्याला वाट, भिंतींवर तिथल्याच नक्ष्या. याचे फोटो दूरदेशींच्या दालनांत लागतात. खरं काम मात्र कोंडागावात आहे, आणि त्यावर रोज हंडे टेकतात.

आता आपल्या घराजवळचं. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे पांढऱ्या रंगातलं चौकोनी चित्र, लिहितात. लिहिणाऱ्या सवासिणी, गाणी गाऊन लग्न लावणारी धवलेरी, मध्यभागी पालघाट देवी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, चित्रं भिंतीवरून कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे यांच्या कुंचल्याने ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम अस्सल आहे, मान हक्काचा आहे. पण भिंतीवर हे काम बायकांचं होतं, आणि कागदाबरोबर जे पहिलं नाव जगाला कळलं ते पुरुषाचं. आज अनेक वारली बायका स्वतःच्या नावाने चित्रं काढतात. जुन्या चौकांच्या फोटोंखाली मात्र 'वारली चित्र, महाराष्ट्र' एवढीच ओळ छापलेली दिसते. मला ती पुरेशी वाटत नाही. पाडा कुठला, लग्न कुणाचं, चौक लिहायला बसलेल्या कोण कोण, हे लिहून घेता येतं. त्यातल्या काही जणी आज हयात आहेत, त्यांच्या सुना-मुली हयात आहेत. विचारलं तर सांगतील.