जेटपॅक उडतो हो, पण किती वेळ?

जेटपॅकचा, म्हणजे पाठीवर बांधून उडायच्या यंत्राचा, नवा व्हिडिओ दिसला की मी हातातलं काम टाकून बघतो, आणि संपला की पहिलं हेच शोधतो की हवेत किती वेळ होता. कारण सगळं घोडं तिथेच अडलंय, आणि आजचं नाही, ६० वर्षांपासून अडलंय.

२० एप्रिल १९६१ ला अमेरिकेत हॅरोल्ड ग्रॅहम बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट पाठीवर बांधून उडाला, १३ सेकंद. पुढे तो बेल्ट सुधारून सुधारून २१ सेकंदांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. हायड्रोजन पेरॉक्साइड चांदीच्या जाळीवरून सोडायचं, त्याची प्रचंड गरम वाफ होते, ती खाली फेकायची, माणूस वर. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात बिल सूटर असाच स्टेडियममध्ये उतरला, लोक वेडे झाले, पण तेही काही सेकंदच!

आता रॉकेटच्या जागी छोटी जेट इंजिनं आलीत, वेळ मिनिटांवर गेला, तरी मूळ अडचण तीच आहे. हवेत तरंगायचं म्हणजे हवा सतत खाली ढकलायची, मग ती भरपूर हवा हळू ढकला नाहीतर थोडी हवा जोरात, आणि थोडी हवा जोरात ढकलणं फार महाग पडतं कारण तेवढ्याच हवेचा वेग दुप्पट केला की धक्का दुप्पटच मिळतो, ऊर्जा मात्र चौपट लागते. हेलिकॉप्टरचं पातं मोठं असतं ते उगाच नाही. दोन माणसांना नेणारं रॉबिन्सन आर२२ हेलिकॉप्टर साधारण १२५ हॉर्सपॉवरवर उडतं, आणि ब्रिटिश संशोधक रिचर्ड ब्राउनिंगच्या ग्रॅव्हिटी कंपनीचा जेट सूट (हातांवर आणि पाठीवर छोटी जेट इंजिनं) आहे, त्याची ताकद कंपनी हजार हॉर्सपॉवरच्या वर सांगते, ते पण एका माणसासाठी. मग इंधन काही मिनिटांत संपणारच ना. फ्रँकी झपाटाने ४ ऑगस्ट २०१९ ला फ्लायबोर्डवर, म्हणजे पायाखालच्या जेट इंजिनवाल्या फळीवर, उभं राहून इंग्लिश खाडी ओलांडली, साधारण २२ मिनिटं लागली, त्यातही मध्येच बोटीवर उतरून इंधन भरावं लागलं (त्याआधीचा प्रयत्न बरोबर त्या बोटीपाशीच फसला होता).

बॅटरी लावा म्हणणारे पुष्कळ भेटतात. एक किलो केरोसिनमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, चांगल्या लिथियम बॅटरीत पाव युनिट. मोटर इंजिनापेक्षा बरीच कार्यक्षम असते हे मान्य, पण एवढा फरक त्याने भरून निघत नाही, आणि वजन तर तुमच्याच पाठीवर!

मला खरी भीती मात्र उंचीची वाटते, म्हणजे कमी उंचीची. दोन मीटरवरून पडलात तर हातपाय मोडेल, खूप वर असाल तर पॅराशूट उघडायला वेळ मिळेल, पण मधल्या वीस-तीस मीटरवर इंजिन बंद पडलं तर साधं पॅराशूट उघडायच्या आत जमीन येते, आणि पंख नसल्यामुळे तरंगत खाली येणंही नाही. म्हणून हे लोक बहुतेक वेळा पाण्यावर किंवा जमिनीला लागून उडतात. शहरात घरांवरून, तो कान फोडणारा आवाज करत? मला नाही पटत.

पटतं ते एकाच ठिकाणी. २०२० मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये एअर अँब्युलन्सवाल्यांसोबत चाचणी झाली, डोंगरावरच्या जखमीपर्यंत चालत २५ मिनिटं लागली असती तिथे ब्राउनिंग ९० सेकंदांत पोचला. औषधांची पिशवी घेऊन एक पॅरामेडिक असा वर गेला तर एखाद्याचा जीव वाचेल, आणि तिथे पाच मिनिटांचं इंधन पुरतं.

बाकी ज्यांना फक्त उडायचंय त्यांनी पॅरामोटर बघा. पाठीवर पंखा, छोटं इंजिन, डोक्यावर कापडी पंख, तास-दोन तास आरामात हवेत, आणि इंजिन थांबलं तरी तो पंख तुम्हाला तरंगत खाली आणतो. मोकळं मैदान लागतं, वारा शांत लागतो, त्यामुळे ऑफिसला जायला हेही कामाचं नाही. पण सकाळच्या थंड हवेत शेतांवरून जाता येतं, आणि मला लहानपणापासून जे हवं होतं ते खरं तर एवढंच होतं. ट्रेनिंगची चौकशी सुरू केलीय.